एकोणतीसचा पाढा

मला एक गाणं सलग ऐकता येत नाही. हे कौतुकानं सांगत नाही, घरातल्यांनी त्यावरून माझी पुरेशी हजेरी घेतलेली आहे. गाणं सुरू होतं, मुखडा होतो आणि पहिल्या अंतऱ्याला मी उठतो. डावा स्पीकर बोटभर पुढं ओढतो. बसतो. परत उठतो. आता उजवा. मुलगी म्हणते, "पप्पा, तुम्ही गाणं ऐकता का फर्निचर हलवता?" बायकोची तऱ्हा वेगळी. ती डोळे मिटून गाणं संपेपर्यंत बसते आणि संपलं की डोळे उघडून विचारते, "झालं का समाधान?" झालेलं नसतं. कितीतरी वर्षं मी घरी स्पीकर बनवतोय आणि समाधान नावाचा प्रकार अजून हाती लागलेला नाही.

बाजारातल्या स्पीकरच्या डब्याला दोन-तीन तोंडं असतात. मोठं तोंड ढोलकीसाठी, छोटं झांजा-घुंगरांसाठी, आणि आवाज त्यांच्यात वाटून द्यायला आत एक सर्किट. माझ्या डब्याला एकच तोंड. पंजाएवढा कागदी कोन, मागं मॅग्नेट, संपलं. याला फुल-रेंज म्हणतात. ढोलकीही त्यानंच वाजवायची आणि घुंगरूही त्यानंच. दोन्हीकडं तो थोडा कमी पडतो, हे मला मान्य आहे. पण माणूस बोलला की त्याच्यातून माणूस बोलतो, कारण तो आवाज मधेच तोडून दोन तोंडांत वाटलेला नसतो.

सुरुवात शहागंजच्या भंगारात झाली. जुन्या डबडा टीव्हीतला एक स्पीकर मी तिथून उचलला, बुटाच्या खोक्याला भोक पाडून त्यात बसवला आणि रेडिओला जोडला. बातम्या लागल्या होत्या. बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाराकडं बघत म्हणाली, "कोण आलंय?" कुणीच आलं नव्हतं. त्या एका प्रश्नानं माझं वाटोळं केलं म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या हॉलमध्ये कायम एखादा डबा उघडा पडलेला असतो, प्लायचा भुसा पोळ्यांच्या पिठापर्यंत पोचलेला असतो आणि माझ्या पायाला भिंगरी लागलेली असते. डब्याच्या आत आवाज घुमू नये म्हणून काहीतरी लोकरीचं भरावं लागतं. त्यासाठी मी सासऱ्यांची घोंगडी कापली होती. ते बिडकीनहून आले की अजूनही एकदा त्या डब्याकडं बघतात आणि एकदा माझ्याकडं.

वाळूजला एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. माप घेणारी हत्यारं तपासणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडं मास्टर पीस असतो. मास्टर पीस म्हणजे अचूक मापाचा घडवलेला लोखंडी तुकडा, काचेच्या कपाटात मऊ कापडावर ठेवलेला. हत्यार मास्टरला लावायचं, माप चुकलं तर हत्यार दुरुस्त करायचं. मास्टरवर कुणी शंका घेत नाही. आता ही सवय अंगात भिनलेला माणूस स्पीकर बनवायला लागला तर तो पहिल्यांदा काय शोधणार? मास्टर. गाण्यातला गायक काही आपल्या समोर बसून गायलेला नसतो, त्यामुळं खरा आवाज कसा होता हे सांगणार कोण? घरातल्या माणसाचा आवाज मात्र आपल्याला पाठ असतो. म्हणून मी बायकोला धरलं.

तिला गच्चीवर नेलं. खोलीत रेकॉर्ड केलं की भिंतींचा घुमारा त्यात येतो, मोकळ्यावर येत नाही. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ती बसली. मी रेकॉर्डर तोंडासमोर धरला.

"काय बोलू?"

"काहीपण बोल."

"काहीपण कसं बोलणार? मी काय येडी हाय का?"

ती शाळेत गणित शिकवते. शेवटी तिनं पाढाच सुरू केला, आणि तोही एकोणतीसचा, म्हणजे पोरांना ज्याचा घाम फुटतो तो. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. स आहे, ठ आहे, त्र आहे, स्पीकरची परीक्षा घ्यायला याहून चांगलं काही मिळालं नसतं. एकोणतीस चोक म्हणाली आणि खाली कुकरची शिट्टी झाली. ती तशीच वळून खालच्या मुलीला ओरडली, "अगं, शिट्टी झाली, गॅस बंद कर गं!" पाढा तिथंच तुटला. परत करू म्हटलं तर ती उठून गेली. मी ते तुटकं रेकॉर्डिंग तसंच फोनमध्ये घेऊन ठेवलं. खरं तर मला ते फार आवडलं होतं. लांबची शिट्टी, जवळचा पाढा आणि मान वळवल्यावर आवाजात पडणारा फरक, सगळं त्यात आलं होतं.

पुढं प्रत्येक जोडीची परीक्षा त्याच्यावरच व्हायची. हॉलमध्ये तार बांधून जुनी चादर टांगायची. चादरीमागं स्टुलावर स्पीकर आणि त्याला लागून बायको. पुढं मुलगी. कधी बायको पाढा म्हणणार, कधी डबा, आणि मुलीनं ओळखायचं. सुरुवातीला बांगड्या वाजायच्या आणि मुलगी लगेच ओळखायची. बांगड्या काढ म्हटलं तर बायको भडकली, "स्पीकरसाठी मी हात रिकामे करू व्हय?" मग बांगड्यांवर रुमाल गुंडाळायचं ठरलं. पोरीनं चुकायला सुरुवात केली की मी खूश. निम्म्या वेळा चुकली की डबा पास. दर तीन-चार महिन्यांनी परत परीक्षा, कारण कागदी कोन वापरात जरा मऊ पडतो, पावसाळ्यात दमट होतो आणि उन्हाळ्यात कडक. निदान मी तसं म्हणायचो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी परीक्षा नाही, कारण त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटरी घुमत असतात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पास झालेली जोडी नापास व्हायला लागली. मुलगी एकदाही चुकेना. मीही पुढं बसून ऐकलं. डब्यातला आवाज स्वच्छ, थोडा टोकदार आणि चादरीमागून बायको बोलली की जाड, किंचित खरखरीत. म्हणजे डबा आवाजाला टोक काढतोय. मी लगेच कामाला लागलो. आतली घोंगडी वाढवली. तरी फरक राहिला. स्पीकरची तोंडं थोडी बाहेर वळवली. तरी फरक. मग तारेत एक कॉइल घातली, वरच्या पट्टीला लगाम म्हणून. संक्रांतीपर्यंत बरं वाटलं आणि पुढच्या परीक्षेत परत तेच. मी जेवढं टोक बोथट करावं, त्याच्याही पुढं नवं टोक यायला लागलं होतं. जेवताना माझं लक्ष नसायचं, कंपनीत माप घेता घेता मी कोनाचा विचार करायचो. सोबत काम करणारा म्हणायचा, "व्हय राव, तुझं लई न्यारं हाय. लोकं बायकोचं ऐकत नायत, तू तिच्या मापाचा डबा बनवायलाय."

शेवटी मी करू नये ते केलं. सुताराचा पांढरा गोंद पाण्यात पातळ केला आणि डाव्या स्पीकरच्या कागदावर ब्रशनं एक हात दिला. असं केलं की कोन जड होतो आणि वरची पट्टी दबते. पण एकदा दिलेला गोंद परत काढता येत नाही. बाहेरून मागवलेला, जपून वापरलेला कोन, आणि मी त्याला भिंतीसारखा रंगवला. बायको बघत होती. म्हणाली, "बस करा की आता." तेसुद्धा तिनं घसा खाकरून म्हटलं. मी ऐकलं, पण लक्षात घेतलं नाही.

गोंद वाळल्यावर परत चादर बांधली. मुलगी पुढं बसली. दोन्ही आवाज झाले. तिनं बरोबर ओळखलं. मी कपाळाला हात लावला आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागलो. मुलगी माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर घेऊन, कानात इयरफोन घालून ऐकत बसली. मग इयरफोन काढून म्हणाली, "पप्पा, डब्याला काही झालेलं नाही. इयरफोनमध्येपण आई अशीच आहे, स्वच्छ. आईचा आवाज बदललाय."

चादर अजून टांगलेलीच होती. बायको तिच्यामागून बाहेर आली, बांगड्यांवरचा रुमाल सोडत. "मला वाटलं सर्दी हाय," ती म्हणाली. "कधीची?" मी विचारलं. "दिवाळीपासनं असंल."

मास्टर पीससुद्धा झिजतो. वर्षातून एकदा तोही बाहेरच्या लॅबला तपासायला पाठवावा लागतो, आणि आमच्याकडं पाठवणारा मीच आहे. अख्ख्या शहरात तिच्या आवाजातला फरक सगळ्यात आधी मला ऐकू आला होता, तिच्याही आधी, आणि मी महिनोन्‌महिने डब्यात घोंगडी कोंबत बसलो होतो. मला स्वतःचा असा राग आला की तो स्क्रू ड्रायव्हर मी खाली आपटला. टाइल फुटली, ती अजून तशीच आहे.

कानाच्या-घशाच्या डॉक्टरांनी तिच्या घशात बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्हीकडं बारीक गाठी होत्या. गाठ हा शब्द ऐकल्यावर मी खुर्चीवरून उठलोच. डॉक्टर म्हणाले, त्यातल्या नाहीत या, चप्पल चावून घट्टा पडतो तसल्या आहेत. शिक्षकांना होतात. ओरडून ओरडून होतात. मग त्यांनी तिला विचारलं, "घरीपण मोठ्यानं बोलावं लागतं का?" तिनं डॉक्टरांकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"कूलर असतो," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि स्पीकर."

डॉक्टरांनी सुट्टीचा महिना पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. नंतर आवाजाचे व्यायाम. पहिला आवाज परत येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, बघू. वर्गावर उभं राहता येईल का, यावरही तेच म्हणाले. डॉक्टरांकडं जायला सुट्टी मागितली तेव्हाच मुख्याध्यापिका बाईंनी सुचवलं होतं की वर्षभर ऑफिसचं काम बघा. घरी आल्यावर बायकोनं हवेत खडू धरल्यासारखा हात धरला, फळ्यावर लिहिल्यासारखं केलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. तिला वर्ग सोडायचा नव्हता. तिच्या वर्गात बसायला जागा पुरत नाही इतकी पोरं असतात, आणि ती पाढे खड्या आवाजात म्हणून घेते म्हणून शेजारच्या वर्गातली पोरंही पाठ करतात, हे तिच्या शाळेतल्या सगळ्यांना माहीत आहे.

तो मे महिना मला भोवला. घरात कूलर घरघरायचा आणि त्याच्यावर कुणाचाच आवाज नाही. मी बोलायचो आणि माझंच बोलणं मला परत ऐकू यायचं. स्पीकरला हात लावायची भीती वाटायची, आणि हात तर शिवशिवायचे. मग मी उगाच कुलुपांना तेल घालत फिरलो, नळाच्या चकत्या बदलल्या. बायको आम्हाला टाळ्या वाजवून बोलवायची. एक टाळी मुलीला, दोन मला. कूलरमुळं टाळ्याही ऐकू यायच्या नाहीत.

एका दुपारी मी गच्चीवर वाळवण हलवत होतो आणि मुलगी वर अभ्यास करत होती. खालून खणखणीत आवाज आला, "अगं, शिट्टी झाली, गॅस बंद कर गं!" मुलगी जिन्यातून धावत सुटली, तिच्यामागं मी. माझ्या डोक्यात एकच विचार, बोलली, ही बोलली, मौन मोडलं. खाली येऊन बघतो तर बायको कणकेच्या हातांनी हॉलमध्ये उभी, माझा फोन पुढ्यात, स्पीकर चालू. तिनं रेकॉर्डिंगच लावलं होतं. आम्ही दोघं धापा टाकतोय हे बघून ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मुलगीही हसली. मीही हसलो, पण आतून मला धक्का बसला होता. डबा इतका खरा बोलला होता की मी फसलो, आणि खरी तिथं तोंड मिटून उभी होती. त्यानंतर तिनं तो खेळ रोज केला. गॅस बंद करायचा नसला तरी लावायची. आम्हाला जेवायला बोलवायचं असलं की घरात शिट्टी व्हायची.

सकाळी आम्ही हर्सूलच्या तलावावर चालायला जायचो. दोघं चालायचो आणि बोलायचो मी एकटाच. पहिल्या दिवशी मी डब्याच्या लाकडाविषयी बोललो, दुसऱ्या दिवशी कोनाविषयी. तिसऱ्या दिवशी तिनं मधेच थांबून माझ्या तोंडावर तळहात ठेवला. काठावरच्या कट्ट्यावर बसवलं. तलावाकडं बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडं. ऐका म्हणत होती. टिटवी ओरडत होती, लांब कुणीतरी म्हशी धुत होतं. मी बसलो, पण फार वेळ नाही. गप्प बसलं की मला भीती वाटायची. हिचा आवाज परत आलाच नाही तर, हा विचार चालता चालता मागं राहायचा आणि बसलो की गाठायचा. तो विचार तिला सांगायचा धीर झाला नाही. तिला तो माहीत असणार, कारण ती माझी बाही धरून बसली होती.

मौन सुटलं ते डॉक्टरांसमोर. "बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?" ती म्हणाली.

गच्चीवरचाच प्रश्न. पण आवाज तो नव्हता. खालच्या पट्टीतला, कडेला बारीक वाळू असलेला. डॉक्टरांना आनंद झाला, गाठी बऱ्याच बसल्यात म्हणाले, जपलं तर एवढा आवाज टिकेल. एवढाच, वाढवायचा नाही. मी चेहरा हसरा ठेवला, आणि ती माझ्याकडं बघून समजून गेली.

घरी आल्यावर तिनंच रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सोफ्यावर बसून तिनं पाढा ऐकला, शिट्टी ऐकली, गॅस बंद कर ऐकलं. म्हणाली, "ही बाई आता नाय यायची." मी म्हणालो, नवीन रेकॉर्ड करू, गच्चीवर जाऊ. "नको," ती म्हणाली. "आणि ती चादरपण बांधू नका. आता कुणीपण वळखंल."

त्या दिवशी ती रडली. मीही रडलो.

शाळेचा प्रश्न तसाच होता. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि गालाजवळ माइक, असं एक यंत्र मिळतं. शिक्षक वापरतात, लेण्यांवरचे गाइडही वापरतात. ते मागवलं. तिनं बांधून दोन वाक्यं म्हटली. मुलगी म्हणाली, "आई, पैठणची गाडी किती नंबरच्या फलाटावर लागणार?" खरंच तसं वाटत होतं. बायकोनं मान वळवली की ते किंचाळायचं. माइकचा आवाज स्पीकरमध्ये, स्पीकरचा परत माइकमध्ये, आणि मग कानात सुई गेल्यासारखी शिट्टी. वर्गातली पोरं काय करतील हे सांगायला नकोच. तिनं पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "ह्याच्यापरीस ऑफिसात बसते," म्हणाली.

ती आत गेली आणि मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. त्या यंत्रात काय चुकतंय ते मला ऐकू येत होतं. बोटभर प्लास्टिकचा स्पीकर, वरच्या पट्टीत नुसतं टोक, आणि टोक असलं की किंचाळणार. पाहिजे होता तो माणसाचा आवाज माणसासारखा देणारा, टोक नसलेला, एकाच तोंडाचा. मी उभा राहिलो. समोर माझी जोडी होती. डावीकडचा, गोंद फासलेला, वरची पट्टी मेलेला, ज्याच्याकडं बघून मी रोज मनात स्वतःला शिव्या देत होतो तो.

यात माझं शहाणपण काही नव्हतं हे मुद्दाम सांगतो. चुकून हाताला लागलं. पण पुढचे दिवस मी जसं काम केलं तसं कधी केलं नव्हतं. पातळ प्लायचा छोटा डबा, कोपरे घासून गोल केलेले, कारण कमरेला टोचायला नको. तोंडाला तोच गोंद फासलेला कोन, आत घोंगडीचा तुकडा. मागवलेल्या यंत्रातला माइक आणि बॅटरी. वजन जास्त झालं म्हणून मागची फळी काढून आणखी पातळ लावली. ती रोज बांधून बघायची आणि रोज काहीतरी सांगायची. "जड हाय." "गरम होतंय." "श नीट नाही येत." मी काढायचो, बदलायचो, परत बांधायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उठाबशांना घरात कुणी हसत नव्हतं.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी गच्चीवर तपासणी झाली. मुलगी खाली गल्लीच्या टोकाला उभी राहिली. बायको टाकीच्या कट्ट्यावर बसली, पट्टा बांधून, आणि घरात बोलतो तेवढ्याच आवाजात तिनं सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस. दुणे. त्रिक. चोकला मी नकळत जिन्याकडं बघितलं. शिट्टी झाली नाही. ती पुढं गेली, दाहेपर्यंत गेली, न ओरडता, न किंचाळता. खालून मुलीनं दोन्ही हात वर केले. मी रेकॉर्डर काढला नव्हता. काढावासा वाटला होता, खिशात होताही, पण तिनं नको म्हटलेलं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकली. घरात एकच स्पीकर उरलेला, उजवा. तो मधोमध ठेवून मी गाणं लावलं होतं आणि अर्थातच ऐकत नव्हतो. कधी वाटायचं पट्टा तुटला असेल, कधी बॅटरी उतरली असेल, कधी पोरं हसली असतील. ती दुपारी आली. डबा टेबलावर ठेवला, पाणी प्यायली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी जागेवरूनच प्रश्न सोडायला सुरुवात केली. श कसा आला? मागच्या बाकापर्यंत पोचलं का? किंचाळलं का कुठं? मुख्याध्यापिका काय म्हणाल्या?

आतून तिचं काहीतरी उत्तर आलं. गाण्याच्या आणि कूलरच्या खाली ते विरून गेलं.

"काय?" मी ओरडलो.

उत्तर नाही.

"अगं, काय म्हणालीस?"

नाहीच. मी गाण्याचा आवाज कमी करायला हात पुढं केला, मग मधेच थांबलो. उठलो, कूलर बंद केला आणि आत गेलो. ती ओट्यापाशी कणीक मळत होती. माझ्याकडं वळली आणि त्या नव्या, खालच्या, वाळूच्या आवाजात म्हणाली, "शाळेत डबा हाय. घरात मी एवढंच बोलणार. तुम्ही उठून यायचं."

"बरं," मी म्हणालो. "काय म्हणत होतीस मघाशी?"

"शिट्टी झालीय. गॅस बंद करा."

मी गॅस बंद केला. मग ओट्याला टेकून तिथंच उभा राहिलो, आणि ती कणीक मळता मळता वर्गात काय काय झालं ते सांगायला लागली. मधे मधे तिचा आवाज बसायचा, तेव्हा मी जरा पुढं वाकायचो. बाहेर हॉलमध्ये गाणं चालूच होतं, आणि कुठल्या अंतऱ्याला आलंय हे बघायला मी गेलो नाही.